चीर देण्याआधीची एक सुई : सिझेरियन, जंतुसंसर्ग आणि 'केव्हा'चा इतिहास

१/२४
शिरूर अनंतपाळच्या एखाद्या घरी आज "सिझर झालं" असा फोन आला, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो तो एवढाच : "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?" उत्तर बहुतेक वेळा "हो" असेच असते. पोट उघडून, गर्भाशयाला चीर देऊन बाळ बाहेर काढले आणि आई काही दिवसांत घरी परतली, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी लंडन, पॅरिस वा व्हिएन्नातील नामांकित रुग्णालयालाही हे उत्तर इतक्या सहजपणे देता आले नसते.

२/२४
या बदलामागे भूल, रक्तपुरवठा, टाके घालण्याचे तंत्र आणि निर्जंतुक हत्यारे अशी अनेक कारणे आहेत. त्यांतले सर्वांत कमी नजरेत भरणारे कारण म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविकाची एक मात्रा. बाळंतिणीला ती आठवतही नाही. हे औषध सापडल्यानंतर ते नेमके केव्हा द्यायचे, हे ठरायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. पुढची कथा आहे ती या 'केव्हा'ची. ती समजून घेण्यासाठी आधी ज्या भूमीत तिचा शेवट पोहोचतो, त्या भूमीकडे पाहू.

३/२४
शिरूर अनंतपाळ आज लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी हा भाग निलंगा तालुक्यात मोडत असे. निजामाच्या राजवटीत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे तीन तालुके बीदरपासून वेगळे होऊन मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. निजामाच्या काळात संपूर्ण मराठवाड्यात एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. संस्थानातील वैद्यकीय शिक्षण एकवटले होते ते हैदराबाद शहरात.

४/२४
त्या काळी या मुलखात बाळंतपण घरीच होई. सुईण येई, अंधारी खोली नेमली जाई, बाजेखाली शेगडीची धग ठेवली जाई. पाचव्या-सहाव्या रात्री पाचवी पुजली जाई, सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते असे मानले जाई. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे म्हणत. हे केवळ कौतुकाने म्हटले जात नसे. मूल अडले की आई जाणार, ही भीती होती; आणि मूल सुखरूप झाले तरी काही दिवसांनी "बाळंतीण तापली" हे शब्द कानी येतील, ही त्याहून खोल भीती होती.

५/२४
या तापाला वैद्यक 'सूतिकाज्वर' म्हणते. वार सुटल्यानंतर गर्भाशयाच्या आतील बाजूस एक मोठी उघडी जखम उरते. हातावरचे, हत्यारांवरचे किंवा जननमार्गातले जंतू तिथवर पोहोचले, की तिथल्या रक्ताच्या गुठळ्यांत ते झपाट्याने वाढतात. आधी थंडी वाजून ताप येतो, ओटीपोट दुखू लागते, स्रावाला दुर्गंधी येते. मग जंतू रक्तात भिनतात. प्रतिजैविके नसताना या टप्प्यावर वैद्य, हकीम किंवा डॉक्टर, कुणाच्याही हाती फारसे काही उरत नसे.

६/२४
किती माता अशा जात होत्या? स्वातंत्र्यापूर्वी देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी १९४३ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात मातामृत्यूचा अंदाज दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असा दिला आहे. म्हणजे लाखामागे २,०००. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात हेच प्रमाण भारतात लाखामागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. जुन्या पिढीतल्या आज्या बाळंतपणाविषयी दबक्या आवाजात का बोलत, हे या आकड्यांवरून कळते.

७/२४
मुंबईत या मृत्यूंचा माग काढणाऱ्यांत एक नाव ठळक आहे : डॉ. जेरुशा झिराड. मराठीभाषक बेने इस्रायल समाजात जन्मलेल्या झिराड यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, लंडनहून प्रसूतिशास्त्रातील एम.डी. मिळवली आणि पुढे दीर्घकाळ कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली. मुंबई शहरातील मातामृत्यूंची कारणे शोधणारा त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक मृत्यूमागे टाळता येण्याजोगे काय होते, असा प्रश्न विचारणारी ही दृष्टी त्या काळात नवी होती. बाळंतिणीचा मृत्यू दैवाच्या खात्यातून काढून हिशेबाच्या खात्यात मांडण्याचे हे काम होते.

८/२४
आता शस्त्रक्रियेकडे वळू. 'सिझर' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की ज्युलियस सीझर असाच जन्मला, ही आख्यायिकाही त्याच्यासोबत फिरते. सीझरची आई ऑरेलिया मुलाच्या जन्मानंतर अनेक वर्षे हयात होती. प्राचीन रोममध्ये अशा छेदातून आई वाचणे जवळपास अशक्य होते. पोट उघडले जाई ते मृत किंवा मरणासन्न स्त्रीचे, बाळासाठी. जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करण्याचे धाडस वाढले, तरी निकाल भयंकरच राहिला. १८६५ च्या सुमारास ब्रिटन व आयर्लंडमध्ये अशा सुमारे ८५ टक्के माता दगावत. काही रक्तस्रावाने जात, पुष्कळशा जंतुसंसर्गाने.

९/२४
जंतुसंसर्ग ही कल्पनाच तेव्हा नव्हती. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरामागे ११ हून अधिक माता दगावल्या, दुसऱ्यात तिनांहून कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येतात. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्यू शंभरामागे सव्वाच्या आसपास आले. तरीही अनेक सहकाऱ्यांनी त्याचे म्हणणे नाकारले. आपल्याच हातांनी मृत्यू नेला, हे मान्य करणे जड होते.

१०/२४
सेमेलवाइस १८६५ मध्ये मनोरुग्णालयात, जखमेतून झालेल्या जंतुदोषानेच मरण पावला. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वरावर चर्चा सुरू असताना लुई पाश्चरने फळ्यावर साखळीसारख्या जंतूचे चित्र काढून गुन्हेगार कोण ते दाखवले. हाच स्ट्रेप्टोकोकस. शत्रूला आता चेहरा मिळाला होता, पण शस्त्र मिळाले नव्हते. हात आणि हत्यारे स्वच्छ ठेवता येत होती. एकदा आत शिरलेला जंतू बाहेर काढण्याचा उपाय कुणाजवळ नव्हता.

११/२४
या असहायतेतून जे उपाय निघाले, ते आज अंगावर काटा आणतात. २१ मे १८७६ रोजी इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो या शल्यविशारदाने बाळ काढल्यानंतर आईचे गर्भाशयच कापून काढले. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या दोहोंचे मूळच नष्ट करावे, असा त्याचा विचार होता. ती आई वाचली, पण तिची पुढील मातृत्वाची शक्यता कायमची संपली. १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर मॅक्स झेंगर याने गर्भाशयाच्या चिरेला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि गर्भाशय वाचू लागले. तोपर्यंत अनेक शल्यविशारद ती चीर न शिवता तशीच सोडून देत.

१२/२४
विसाव्या शतकाच्या आरंभीही भीती ओसरली नव्हती. कळा दीर्घकाळ चालल्या, पाणमोट फुटून बराच वेळ गेला, आधी कुणी आत हात घातला असेल, तर अशा स्त्रीचे पोट उघडणे म्हणजे जंतूंना उदरपोकळीचे दार उघडून देणे होते. म्हणून काही शल्यविशारदांनी उदरपोकळीला बाहेरून वळसा घालून गर्भाशय गाठण्याच्या अवघड पद्धती शोधल्या. अनेकदा मात्र डॉक्टर शस्त्रक्रिया टाळत आणि आईला वाचवण्यासाठी अडलेल्या बाळाचाच बळी देत. जंतुसंसर्ग हा नंतर उद्भवणारा उपद्रव होताच. त्याची नुसती भीतीही कुणी जगायचे हे ठरवीत होती.

१३/२४
खरे शस्त्र हाती आले ते १९३५ मध्ये. जर्मनीतील गेरहार्ड डोमाक याने प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा स्ट्रेप्टोकोकसवरील परिणाम प्रसिद्ध केला. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक याने ते सूतिकाज्वराच्या रुग्णांना दिले. १९३६ मधील त्याच्या अहवालांत एकूण ६४ स्त्रियांपैकी फक्त ३ दगावल्या; त्याआधीच्या वर्षांत याच रुग्णालयात साधारण चार-पाचांमागे एक जात असे. सल्फा औषधांचे युग सुरू झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही साहिबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखाली १९४० च्या सुमारास सल्फाथायझोल प्लेगवर वापरून पाहिले गेले.

१४/२४
मग आले पेनिसिलिन. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीत ते दिसले. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी १९४० च्या आसपास त्याचे औषध केले. महायुद्धात ते आधी सैनिकांना मिळाले. स्वतंत्र भारताला ते परदेशातून विकत आणावे लागे. ही परवशता संपवण्यासाठी केंद्र सरकारने पुण्याजवळ पिंपरी येथे कारखाना उभारायचे ठरवले. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

१५/२४
पिंपरीकर आजही तिला 'एच.ए. कंपनी' म्हणतात. औषधनिर्मितीतील हा देशाचा पहिला सार्वजनिक उपक्रम. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात : १९५५ मध्ये पिंपरीचे पेनिसिलिन आले, १९५६ मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याच वर्षी निलंगा-उदगीरचा मुलूख बीदरमधून निघून मुंबई राज्यात आला. औषध, डॉक्टर आणि राज्य या तिन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी या भूमीच्या दिशेने निघाल्या. पुढे अंबाजोगाई, नांदेड आणि २००२ मध्ये लातूर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली.

१६/२४
तरीही एक मोठी उणीव राहिली होती. पेनिसिलिन दिले जाई ते ताप आल्यावर. आधीच दिले तर ताप येणारच नाही, हा विचार १९५० च्या दशकात अनेकांनी करून पाहिला. पण त्यांचे अनुभव निराशाजनक ठरले. औषध बहुधा शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू होई आणि दिवसेंदिवस चाले. संसर्ग घटला नाही, उलट चिवट जंतू वाढल्याची तक्रार पुढे आली. "प्रतिबंधासाठी प्रतिजैविक निरुपयोगी" असे मत बळावू लागले. औषधाला दोष दिला जात होता. ते देण्याच्या वेळेकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

१७/२४
हे कोडे सोडवण्यात गिनीपिगांचा वाटा आहे. ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञ ॲशली माइल्स यांनी दाखवले होते की जंतू शिरल्यानंतरचे पहिले काही तासच निर्णायक असतात. बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये त्याच दिशेने प्रयोग प्रसिद्ध केला. गिनीपिगच्या त्वचेत जंतू टोचले आणि प्रतिजैविक वेगवेगळ्या वेळी दिले. जंतू येण्यापूर्वी औषध रक्तात असेल, तर जखम जवळजवळ उमटतच नसे. जितका उशीर, तितका परिणाम कमी. तीन तास उलटल्यावर औषध देणे आणि न देणे सारखेच.

१८/२४
कारण समजायला सोपे आहे. चीर पडते, रक्त साकळते, टाके बसतात. जंतू त्या साकळलेल्या रक्तात अडकले, की त्यांच्यापर्यंत रक्ताभिसरण नीट पोहोचत नाही आणि रक्तातून येणारे औषधही पोहोचत नाही. गुठळी तयार होण्यापूर्वीच औषध त्या ऊतीत मुरलेले असेल, तर जंतूला तळ ठोकायला जागाच मिळत नाही. पूर येण्याआधी बांध घालावा, नंतर नव्हे; शेतकऱ्याला जे ठाऊक असते, तेच प्रयोगशाळेत सिद्ध झाले. सिझेरियनमध्ये तर याला दुप्पट महत्त्व, कारण सामान्य प्रसूतीच्या तुलनेत या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका पाच ते वीस पट असतो.

१९/२४
१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सिझेरियनवर प्रत्यक्ष चाचण्या सुरू झाल्या. ॲम्पिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे वापरली गेली. या दुसऱ्या गटाचे मूळही रोचक आहे : इटलीच्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्सू यांना १९४५ मध्ये सांडपाण्याच्या मुखाजवळच्या समुद्रपाण्यात ती बुरशी सापडली. पुढे याच गटातील सेफाझोलिन सिझेरियनसाठी प्रमाण औषध झाले. २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात ९५ अभ्यास आणि १५,००० हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र झाली. निष्कर्ष असा की प्रतिबंधक मात्रेने जखमेचा संसर्ग, गर्भाशयाचा दाह आणि गंभीर गुंतागुंत ६० ते ७० टक्क्यांनी घटते.

२०/२४
बर्कचा धडा मात्र प्रसूतिशास्त्राने अर्धाच घेतला. इतर शस्त्रक्रियांत औषध चिरेपूर्वी दिले जाऊ लागले. सिझेरियनमध्ये ते नाळ बांधल्यानंतर दिले जाई. त्यामागे बाळाची काळजी होती. औषध वारेतून बाळाच्या रक्तात गेले, तर नवजात अर्भकाचा संसर्ग झाकला जाईल, निदान चुकेल, अशी शंका होती. शंका प्रामाणिक होती, पण तिची किंमत आई मोजत होती. २००७ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत चिरेपूर्वी दिलेल्या मात्रेने मातांचा संसर्ग घटला आणि बाळांना अपाय झाला नाही. २०१० मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने शिफारस बदलली : शस्त्रक्रियेपूर्वीच्या ६० मिनिटांत.

२१/२४
२०१४ च्या आणखी एका कोक्रेन आढाव्याने हेच पक्के केले. नाळ बांधल्यानंतर देण्यापेक्षा चिरेपूर्वी दिल्यास मातांचा एकूण जंतुसंसर्ग सुमारे ४३ टक्के कमी होतो आणि बाळाला वाढीव धोका आढळत नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही चिरेपूर्वी एक मात्रा देण्याची शिफारस केली. औषध तेच, मात्रा तीच, खर्च तोच. बदलली ती केवळ वेळ. बर्कच्या गिनीपिगांपासून इथवर यायला अर्धशतक लागले. या काळात जगभर कित्येक बाळंतिणी तापल्या, त्यांतल्या किती टाळता आल्या असत्या याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

२२/२४
याच इतिहासाची दुसरी बाजू आजची आहे. एक मात्रा पुरेशी असताना शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस प्रतिजैविके चालू ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. "जास्त दिले तर जास्त बरे" असे रुग्णाच्या नातेवाइकांना वाटते आणि "धोका कशाला घ्या" असे डॉक्टरांना. पण शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक प्रतिजैविक लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. जादा दिवसांतून आईला वाढीव संरक्षण मिळत नाही. जंतू मात्र औषधाला सरावतात. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील लाल रेषेची मोहीम काढली, ती याच भीतीने.

२३/२४
हा प्रश्न किती घरांचा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत आणि २५.४ टक्के सिझेरियनने झाल्या. म्हणजे दर चार मातांमागे एक. संशोधनही आता दूर राहिलेले नाही. सामान्य प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनची एक मात्रा देऊन पाहणारी मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सात देशांतल्या २९,२७८ स्त्रियांत नागपूर आणि बेळगाव परिसरातील माता होत्या. गंभीर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आले. ज्यांच्या आज्यांच्या मृत्यूंची नोंदही झाली नाही, त्या स्त्रियांच्या सहभागातून जगाचे वैद्यक पुढे गेले.

२४/२४
औषधाने सेमेलवाइसला कालबाह्य केलेले नाही. हात धुतले नाहीत, हत्यारे नीट उकळली नाहीत, तर एका सुईने सगळे सावरता येत नाही. आणि डॉक्टर, भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असलेल्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचता आले नाही, तर ती सुई कुपीतच राहते. शिरूर अनंतपाळहून कळा सुरू झालेली एखादी स्त्री निघते, तेव्हा तिच्यासोबत हा सगळा प्रवास असतो : व्हिएन्नाचे क्लोरीनचे पाणी, सार्डिनियाच्या समुद्रातली बुरशी, पिंपरीचा कारखाना, बोस्टनचे गिनीपिग. शस्त्रक्रियागृहात परिचारिका घड्याळाकडे पाहते, सलाईनच्या नळीतून औषध सोडते, कागदावर वेळ लिहिते. त्यानंतरच चीर दिली जाते. घरी फोन जातो, आणि पलीकडून तोच जुना प्रश्न येतो.

(समाप्त)